पोटखराबा

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राच्या खाली एक रकाना असतो, पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. आमच्या गटात तो 1 हेक्टर 82 आर होता, वर्ग ‘अ’. एकरात सांगायचं तर साडेचार. लहानपणी मला वाटायचं, जमिनीचं पोट बिघडलेलं असणार, म्हणून तिला पीक पचत नाही. आबांना, म्हणजे आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, “खडक हाय. सरकार शेतसारा घेत न्हाई तिचा.” आणि पुन्हा तंबाखू मळायला लागले. त्या साडेचार एकरांविषयी आमच्या घरात याहून जास्त कुणी कधी बोललं नाही.

गाव इंदापूर तालुक्यातलं. पुणे जिल्हा म्हटलं की लोकांना सिंहगड, भजी आणि पाऊस आठवतो. आमचा पुणे जिल्हा वेगळा. सह्याद्रीवरून येणारे ढग तिकडेच रिकामे होतात आणि आमच्याकडे नुसती सावली धाडतात. दौंड, बारामती, इंदापूर, नदीपलीकडे करमाळा, कर्जत, माढा, हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. वीतभर मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. असल्या जमिनीवर झाडं दाटीने वाढतच नाहीत, वाढतं ते गवत. पवन्या, मारवेल, कुसळी. मधूनमधून बोर, हिवर, तरवड. श्रावणात हिरवं, दसऱ्याला सोनेरी, शिमग्याला पांढरं. कुसळं पायजम्यात रुतून घरापर्यंत यायची आणि आई उंबऱ्याबाहेरच थांबवायची.

तिथे काय काय राहायचं याची यादी कुणी केली नव्हती. मला आठवतं ते सांगतो. बांधाच्या अंगाला खोकडाचं बीळ होतं. खोकड म्हणजे मांजरापेक्षा जरा मोठं, कोल्ह्याच्या जातीचं चपळ जनावर, शेपटीचं टोक काळं. उंदीर, नाकतोडे, बोरं, मिळेल ते खायचं आणि दिवेलागणीला बिळाच्या तोंडाशी बसून आमच्याकडे असं बघायचं की जणू आम्हीच त्याच्या वावरात घुसलोय. चिंकारे असायचे दोघं-तिघं, फार तर पाच. पाणवठ्यावर ते क्वचितच दिसत, पाल्यातलं आणि शेंगांतलं पाणीच त्यांना बरेच दिवस पुरतं. ससे उदंड. तरस दिसायचं नाही, त्याचं काम दिसायचं: मेलेली म्हैस ओढ्यात नेऊन टाकली की काही दिवसांनी हाडंसुद्धा कमी झालेली असत.

आणि लांडगा. तो मी पहिल्यांदा पाहिला 1988 च्या थंडीत. खरं तर माझ्याआधी तो मेंढरांनी पाहिला.

दिवाळी झाली की करमाळ्याच्या बाजूने धनगरांचे वाडे निघायचे. डिकसळच्या जुन्या पुलावरून भीमा ओलांडून आमच्याकडे, तिथून बारामतीच्या वरच्या अंगाने भोर आणि वरंधा घाटाने खाली कोकणात. मृगाच्या आधी तीच वाट उलटी. वाडा म्हणजे सगळं चालतं बिऱ्हाड. घोड्यावर लादलेली भांडीकुंडी, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, पाटीत नुकतं जन्मलेलं कोकरू आणि मागे धुळीचा लोट. मेंढराला धनगर ‘बकरं’ म्हणतात आणि शेळीला ‘शेरडू’. हे माहीत नसल्याने मी पहिल्याच दिवशी स्वतःचं हसं करून घेतलं होतं. परतीच्या वाटेवर, ज्येष्ठात, आबा नांगरलेल्या रानात बकरी बसवायचे, रात्रीला ठरलेली ज्वारी द्यायचे. लेंडीखताची ती पाचसहा रात्रींची बेगमी पुढे दोन-तीन पिकं पुरते, असा त्यांचा हिशोब. जातानाचा मुक्काम मात्र पोटखराब्यावर. तिथे कुणाचं पीक तुडवायची भीती नव्हती.

त्या दिवशी पहाटे मी दूध द्यायला गेलो होतो. वाघूर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, नुकती सोडली होती. अचानक सगळ्या मेंढरांनी रवंथ थांबवला आणि दोनशे तोंडं एकाच दिशेला वळली. मीही तिकडे बघितलं. वाळल्या गवताच्या रंगाचं काहीतरी गवतातून सरळ रेषेत, घाई न करता चालत येत होतं. पुढे काय झालं ते मी पाहिलंच नाही, कारण मी दुधाचं कासांडं टाकून पळालो. परत आलो तेव्हा कुत्री भुंकून दमली होती, पोरं ओढ्याकडे धावली होती आणि म्हातारा मेंढका मेंढरं मोजत होता. एक कोकरू कमी.

तोवर आबा आले. म्हातारा त्यांना म्हणाला, “चालायचंच. त्याचा बी वाटा असतोय की.”

“वाटा घेतो तर सारा बी भरायला सांग त्याला,” आबा म्हणाले आणि दोघं हसले.

म्हाताऱ्याचं ते वाक्य मी पुढे पुण्यात पुष्कळ ठिकाणी मिरवलं. निसर्गाशी एकरूप झालेला मेंढपाळ वगैरे. मग लक्षात आलं की मी अर्धंच सांगतोय. तोच म्हातारा पुढच्या वर्षी त्याच जागी बसून सांगत होता, की वरच्या ओढ्यात लांडगीने घातलेली पिल्लं त्यांनी ढोलीचं तोंड दगडांनी बुजवून, धूर करून मारली. लांडगी थंडीत विते, आणि वाडेही थंडीतच फिरत असतात, त्यामुळे अशी गाठ पडायचीच. वाटा असतो हेही खरं आणि धूर करणं हेही खरं. ज्याची कोकरं जातात त्याच्याकडून एकाच भावनेची अपेक्षा करणं हे आपलं, शहरातल्यांचं काम.

तसं मारण्याच्या बाबतीत धनगर फारच मागे म्हणायचे. इंग्रज सरकार लांडगा मारणाऱ्याला रोख बक्षीस देत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी त्या बक्षिसांच्या नोंदींवरून मांडलेला अंदाज असा की 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले. आज देशभरात लांडगे उरलेत सुमारे 3 हजार. 2022 च्या गणनेत वाघांचा सरासरी अंदाज 3,682 निघाला, म्हणजे लांडगा वाघापेक्षाही थोडा. कायद्याने दोघांची जागा एकाच पहिल्या अनुसूचीत. पण वाघासाठी जंगलं राखीव झाली आणि लांडगा राहिला पोटखराब्यावर.

इथेच मला जे सांगायचं आहे ते येतं. दख्खनच्या माळावरचा लांडगा मेंढरांच्या मागे जगतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या परिसरात त्याचा अभ्यास झाला आहे. तिथे काळवीट आहे म्हणून तो काळवीट खातो आणि शेळ्यामेंढ्याही खातो. जिथे काळवीट नाही, चिंकारे नावापुरते, तिथे त्याचा संसार बहुतांशी वाड्यांवर चालतो. आजारी मेंढरू, मागे राहिलेलं कोकरू, रात्री वाघूर ओलांडून बाहेर गेलेलं एखादं. शिवाय मेंढपाळाला जी जमीन लागते तीच नेमकी लांडग्याला लागते: मोकळी, कुंपण नसलेली, लांबवर नजर जाणारी आणि कुणाच्याच कामाची नसलेली. त्यामुळे पाळीव जनावरं आणि रानजनावरं यांचं भांडण, असं जे सरळ चित्र काढलं जातं ते आमच्याकडे लागूच होत नाही.

म्हणजे मेंढरं माळाचं काही बिघडवत नाहीत असं मी म्हणणार नाही. मेंढरू गवत कापत नाही, कुरतडतं. त्याचा ओठ इतका हलता असतो की ते दात मातीला भिडवून चरतं. एकाच माळावर दोनशे मेंढरं महिनाभर ठेवा, पवन्या आणि मारवेल ही गोड गवतं बी धरायच्या आतच संपतात. मागे उरते कुसळी, जी कोवळी असेपर्यंतच कुणी खातं, आणि तरवड, ज्याला कुणीच तोंड लावत नाही. मग उंदीर कमी होतात, उंदरांमागे खोकड उठतं. ससा दडायला आडोसा शोधतो तर आडोसा नसतो. शेळी आणखी वरपर्यंत पोचते. चिंकारा ज्या बोरी-हिवरांवर जगतो त्यांची पानं ती मागच्या दोन पायांवर उभी राहून ओरबाडते. चिंकाऱ्याला माणसाची आणि कुत्र्याची इतकी धास्ती की कळप माळावर असेपर्यंत तो दिवसभर तिकडे फिरकत नाही, चराई भरपूर असली तरी.

पण चराई अजिबात बंद केली की काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. गवत वाढतं, वाळतं, आडवं पडतं, त्याखाली नवा कोंब गुदमरतो. वणवा लागला तर पार टोकापर्यंत जातो. बाभळीची, बोरीची रोपटी वर येतात आणि वीसेक वर्षांत माळाचं काटवन होतं. काटवनात काळवीट राहत नाही. त्याचं शस्त्र म्हणजे डोळे आणि पाय. खुजं गवत आणि उघडं मैदान असेल तरच दोन्ही चालतात. ते कुंपणाबाहेर येऊन हरभऱ्यात उभं राहतं आणि शेतकरी वनखात्याला शिव्या घालतो.

मग माळ टिकला कसा? माझ्या मते चालण्याने. वाडा चार रात्री थांबायचा आणि निघायचा, कारण त्याला पुढे जायचं होतं, कोकण गाठायचं होतं. गवताला पुन्हा फुटायला सवड मिळायची. कुणी पर्यावरणाचा विचार करून हे आखलं नव्हतं, पोटासाठी होतं. राज्यात मेंढ्या बेसुमार वाढल्या असं अधिकारी सांगतात, पण पशुगणनेचे आकडे तसे दिसत नाहीत. 2012 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 26 लाख मेंढ्या होत्या, 2019 मध्ये सुमारे 27 लाख. शेळ्या वाढल्या, 84 लाखांवरून 1 कोटी 6 लाखांवर, पण त्या बहुतेक दारातल्या. मेंढ्या तेवढ्याच, वाट मात्र तुटली. मध्ये ऊस आला, कालवे आले, चौपदरी रस्ता आला, प्लॉटची तारेची कुंपणं आली. जो वाडा पूर्वी चार रात्रींनी हलायचा तो आता उरलेल्या तुकड्यावर पंधरा दिवस काढतो, कारण पुढचा तुकडा वीस मैलांवर आहे. तेच मेंढरू, तोच ओठ, पण आता तो गवत मुळापासून संपवतो.

ही वाट आम्हीच तोडली. आम्ही म्हणजे आमचं घर.

उजनी धरण 1980 मध्ये पुरं झालं. भीमेचं पाणी फुगून इंदापूर-करमाळ्याच्या मधे मैलोन्‌मैल पसरलं, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. ज्यांच्या जमिनी बुडाल्या ते उठले आणि ज्यांच्या काठावर राहिल्या ते बागायतदार झाले. आम्ही काठापासून लांब. आमच्यापर्यंत पाइपलाइन यायला नव्वदी उजाडली. वडिलांनी आणि काकांनी सोसायटीचं कर्ज काढलं, सात-आठ घरांनी मिळून पाणी आणलं आणि घरात पहिल्यांदा उसाचं बिल आलं. त्या बिलावर मी पुण्यात शिकलो. हे लिहिताना टेबलावर जो लॅपटॉप आहे त्याचं मूळ शोधत गेलं तर ते उसाच्याच सरीत निघेल. म्हणून उसाला शिव्या घालणाऱ्या लेखांत माझी भर नको.

आधी चांगली जमीन उसाखाली गेली, मग बरी, मग 2009 मध्ये जेसीबी आला. तोवर खडक हा खडक होता, त्यावर उपाय नव्हता. जेसीबीने तो फोडला, तळ्यातला गाळ आणून वर पसरला आणि काकांच्या हिश्श्याचा सव्वादोन एकर पोटखराबा तीन आठवड्यांत रान झाला. मी सुट्टीवर आलो होतो, जेसीबीच्या दातांत बोरीची मुळं अडकलेली पाहिली. खोकडाचं बीळ कुठे होतं ते दाखवायला गेलो तर जागा सापडेना. वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर तेव्हा नाही. काकांच्या घराला पहिला पक्का स्लॅब त्याच वर्षी पडला.

तशीच घरोघर दोन-दोन, तीन-तीन एकरांची भर पडत गेली. कुणी माळ संपवायचा ठराव केला नाही. 2012-13 पर्यंत चिंकारे कधी दिसायचे बंद झाले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि एका जानेवारीत ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईने फडातून किंचाळत पळ काढला, कारण पाचटात बिबट्याची दोन पिल्लं होती.

बिबट्या आमच्याकडे कधीच नव्हता. आबांनी ऐंशी वर्षांत पाहिला नव्हता. तो जुन्नरचा, आंबेगावचा. तिकडे कुकडीच्या धरणांमागे ऊस आला आणि उसामागे बिबट्या. बारा ते अठरा महिने उभा राहणारा ऊस म्हणजे त्याच्या लेखी जंगलच: सावली, पाणी, आडोसा आणि बाहेर पाऊल टाकलं की गावातली कुत्री. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात माणसांवर बरेच हल्ले झाले. आधी पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडायचे, असा उपाय चालला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून उलटंच समोर आलं, की जिथे असे बिबटे सोडले त्याच्या आसपास हल्ले वाढले. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले गावाच्या खोऱ्यात कॅमेरे लावले. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं असलेला भाग, राखीव जंगल नाही, आणि तिथे दर 100 चौरस किलोमीटरला जवळपास 5 बिबटे आणि तेवढीच तरसं निघाली. बिबट्याच्या विष्ठेतून कळलं की त्याच्या पोटात जाणाऱ्या मांसापैकी 87 टक्के पाळीव जनावरांचं, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. गावातल्या कुत्र्यांची नसबंदी नगरपालिकांना जमली नाही ती अशी चालली आहे, असं आमचा एक मित्र म्हणतो. त्याला विनोद करायला काय, त्याच्या दारात अंगणवाडी नाही.

म्हणजे जमिनीचा वापर बदलला तेव्हा रानजनावरं नुसती कमी झाली असं नाही, त्यांची अदलाबदल झाली. लांडगा उसात दिवसा आडोशाला शिरेल, पण संसार करणार नाही. बिबट्याला माळावर करमत नाही. आम्ही एकाला उठवून दुसऱ्याला बोलावलं, आणि धनगराच्या दृष्टीने हा सौदा फार वाईट झाला. लांडगा कोकरू उचलतो. बिबट्या वाघरीत उतरून मोठी मेंढी नेतो आणि पालाबाहेर झोपलेल्या माणसाची झोप कायमची.

लांडग्याला दुसरा धोका आहे तो घरातलाच, कुत्र्याचा. पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी रस्त्याकडेला टाकतात. त्यावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात आणि आयतं मिळतं म्हणून लांडगे आणि तरसंही तिथे येतात. नान्नजभोवतीच्या कुत्र्यांची तपासणी झाली तेव्हा डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांचा संसर्ग मोठ्या प्रमाणावर आढळला, आणि तेच रोग खोकडांना लागू शकतात. त्याहून वेगळी बातमी 2023 मध्ये आली. पुण्याजवळच्या माळावर लांडग्यांच्या टोळीत विचित्र पिवळसर रंगाची जनावरं दिसत होती. द ग्रासलँड्स ट्रस्ट या संस्थेच्या मंडळींनी त्यांचे केस गोळा केले, बंगळुरूच्या प्रयोगशाळेत जनुकं तपासली आणि तो लांडगा-कुत्रा संकर निघाला. आपल्याकडे जनुकांच्या पुराव्याने हे पहिल्यांदाच सिद्ध झालं. टोळीत जोडीदार मिळेनासा झाला आणि चहूबाजूंनी कुत्रीच कुत्री असली की असं होतं. लांडगा मारून संपतो तसा मिसळूनही संपू शकतो, हे माझ्या आबांना सांगितलं असतं तर त्यांनी तंबाखू मळायची थांबवली असती.

आता माझं एक पाप. 2019 च्या पावसाळ्यात राज्यभर 33 कोटी झाडं लावायचा संकल्प होता. आमच्या ऑफिसनेही बस केली, सगळ्यांना हिरवे टी-शर्ट वाटले आणि सासवडच्या पुढे एका माळावर नेलं. माळ उघडाबोडका आहे, त्याला हिरवं करायचं आहे, असं बसमध्ये सांगण्यात आलं. उतरलो तर गुडघाभर मारवेल वाऱ्यावर डुलत होतं. त्यात आधीच सलग समतल चर खणून ठेवले होते. मातीच्या ढिगांवर आम्ही गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची रोपं लावली. ग्लिरिसिडिया मूळचा मध्य अमेरिकेचा. आमच्याकडे त्याला उंदीरमारीही म्हणतात, यावरून काय ते समजा. मी गवतात वाढलेला माणूस, पण त्या दिवशी मलाही ते गवत रिकामी जागा वाटलं. समोसे खाताना पाहिलं, लांब एक धनगरीण मेंढरं अडवून उभी होती, आम्ही कधी जातो याची वाट बघत. मी जवळ गेलो तर तिने एकच विचारलं, “तार मारणार हाय का?”

मारणारच होते. रोपं जगवायची तर चराईबंदी आली.

इंग्रजांच्या महसुली डोळ्याला सारा न देणारी जमीन ओसाड दिसली, आणि तोच डोळा आपण पुढे वापरत राहिलो. सरकारी नकाशात माळरान आजही पडीक म्हणून रंगवलं जातं, आणि पडीक म्हटलं की त्यावर झाडं लावा, सोलर लावा, एमआयडीसी काढा, सगळं पुण्यकर्म. राखीव जागा आहेत, नाहीत असं नाही. चिंकाऱ्यांसाठी सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, क्षेत्र 5.14 चौरस किलोमीटर. काळविटांसाठी कर्जतजवळ रेहेकुरी, 2.17. लांडग्याची टोळी असले तुकडे एका रात्रीत ओलांडते. उलट टोक म्हणजे 1979 चं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य, कागदावर तब्बल 8,496 चौरस किलोमीटर, त्यात गावं, बाजारपेठा, साखर कारखाने सगळं आलं. जमीन विकणं अवघड झालं म्हणून लोक माळढोकाच्याच नावाने बोटं मोडायला लागले, आणि पुढे ते 1,222 वर आणावं लागलं. तोवर माळढोकच दिसेनासा होत चालला होता. अलीकडे वनविभागाने इंदापुरात कडबनवाडीला आणि बारामतीत शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. पुण्याची मंडळी जीपमधून लांडगा बघायला येतात, गावातल्या पोरांना चार पैसे मिळतात. मला ते आवडलं. लांडगा बघायला पैसे देणारा माणूस आबांना खोटा वाटला असता.

माझ्या हिश्श्याचा सव्वादोन एकर पोटखराबा अजून तसाच आहे. त्यात माझा काही मोठेपणा नाही, मी पुण्यात असल्यामुळे राहून गेला. चुलतभाऊ तीन वर्षं मागे लागलाय. “तू फक्त हो म्हण. खडक मी फोडतो, ठिबक मी टाकतो, दोन वर्षांत पैसे वसूल.” त्याचं चूक काहीच नाही. यंदा मे महिन्यात तेच ठरवायला मी गावी गेलो.

त्याच संध्याकाळी वाडा आला. त्या म्हाताऱ्याचा मुलगा, आता तोच साठीला आलेला. घोडी दोनच, बाकी सामान टेम्पोत. बकरीही बदललेली: काळी दख्खनी नाहीत, उंच, पांढऱ्या-तांबड्या डागांची माडग्याळ. लोकरीला आता कुणी विचारत नाही, घोंगडी घेतो कोण, मेंढ्याच्या वजनावर भाव. कोकण बंद केलं म्हणाला. वाटेत पोलीस, वनखातं, शेतकरी सगळ्यांना द्यावं लागतं. आता भोरपर्यंतच. “पावणं, दोन राती टाकतो हितं,” तो म्हणाला. चुलतभावाने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं.

रात्री उसाच्या बाजूला त्यांनी सुतळी बॉम्ब लावले. बिबट्यासाठी. माळाच्या बाजूला काहीच नाही. पहाटे तीनच्या सुमारास कुत्री एकदम उठली, बॅटऱ्या फिरल्या, आरडाओरडा झाला आणि शांत झालं. उजाडल्यावर मोजदाद. एक कोकरू नव्हतं.

चुलतभाऊ धावत आला. बिबट्याच असणार म्हणाला, वनरक्षकाला फोन लावतो, पंचनामा करून घे, भरपाई मिळेल. धनगर काही बोलला नाही. ठिबकची नळी गळत होती तिथे चिखल झाला होता, त्याच्याकडे गेला आणि उकिडवा बसला. मीही वाकलो. चार बोटं, पुढे नखांचे ठसे.

“बिबट्या नख उमटवत न्हाय,” तो म्हणाला.

“मग कुत्रं असंल,” भाऊ म्हणाला.

“कुत्रं हिकडं हुंगल, तिकडं हुंगल. ह्ये बगा, एका रेघंत गेलंय.”

ठसे खरंच एका रेषेत होते. चिखलातून निघून उरलेल्या गवतात शिरले होते आणि पुढे दिसत नव्हते. तो उठला, हात धोतराला पुसले आणि बायकोला वाघूर गुंडाळायला सांगितली. पंचनाम्यासाठी थांबलं तर साहेब येईपर्यंत मुक्काम पडतो, आणि इथलं गवत तर रात्रीतच संपलंय. त्याने पुन्हा एकदा मोजलं, आकडा तोच आला. टेम्पो पुढे गेला, मागून मेंढरं रस्त्याला लागली, उसाच्या दोन भिंतींमधून.

“खडकाचं काय ठरलं मग?” भावाने विचारलं.

“दिवाळीनंतर सांगतो,” मी म्हणालो.